फॉरमॅट मारण्याआधी

हार्ड डिस्क संगणकाला जोडली, तिचा बारीक दिवा लागला, पण पडद्यावर काहीच उमटलं नाही, की माणसाच्या हातून आधी घडते ती घाई. केबल ओढून काढायची, पुन्हा खुपसायची, डिस्क कानाशी धरून हलवायची. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट येते. ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. सांगलीत संगणक दुरुस्तीच्या कामात माझी उमर गेली. न दिसणाऱ्या डिस्कमधलं बहुतेक सगळं जागच्या जागी असतं, संगणकापासून तिथवर जाणारी वाट तेवढी कुठेतरी तुटलेली असते, हे त्या कामानं मला शिकवलं. खरं नुकसान पुष्कळदा होतं ते नंतरच्या घाईनं.

मी हे काम शिकले एका डीटीपी सेंटरमध्ये, फ्लॉपीच्या काळात. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं आणि तेवढ्यात लग्नपत्रिका, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंकाची पानं असं सगळं ऑफसेटवाल्याकडे जायचं. पावसाळ्यात आतल्या चकतीला बुरशी धरायची. तिथल्या मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. फ्लॉपी वाचली गेली नाही, तर अण्णा ती कधीच लगेच टाकून देत नसत. आधी दुसऱ्या मशिनवर लावायचे, मग जिथून ती आली त्या गिऱ्हाइकाच्या मशिनवर. एखाद्या ड्राइव्हचं हेड किंचित सरकलेलं असलं, तर त्या ड्राइव्हनं लिहिलेली फ्लॉपी इतर ड्राइव्हना वाचता येत नाही. त्याची त्याला मात्र येते. “आधी मशीन बदलून बघ, मग फ्लॉपीला नावं ठेव,” असं ते म्हणायचे. पुढे साधनं बदलत गेली, तरी तपासायचा हा क्रम मला कधी बदलावा लागला नाही.

मग पेनड्राइव्ह आले आणि त्यांच्याबरोबर व्हायरस. कॉलेजजवळची झेरॉक्सची दुकानं आणि सायबर कॅफे ही त्यांची मुख्य ठाणी. पोरं रडकुंडीला येऊन सांगायची, “ताई, प्रोजेक्ट उडालं, नुसते शॉर्टकट दिसतायत.” काही उडालेलं नसायचं. व्हायरसनं मूळ फोल्डरना ‘लपवलेला’ आणि ‘सिस्टिमचा’ अशा दोन खुणा लावून ठेवलेल्या असायच्या आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट समोर मांडलेले असायचे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ची एक ओळ लिहून खुणा काढल्या, की फोल्डर परत दिसायचे. पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०११ च्या फेब्रुवारीत एका अपडेटनं जुन्या विंडोजमध्येही बंद केली. पण शॉर्टकटवर माणूस स्वतःच क्लिक करतो, त्यामुळे तो व्हायरस त्यानंतरही बरीच वर्षं गावोगाव फिरत राहिला. पोरांपैकी ज्यांनी घाबरून आधीच फॉरमॅट मारलेला असे, त्यांचं काम मात्र फार अवघड होऊन बसे.

खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क आली तेव्हा मला तिचं फार अप्रूप वाटलं. बाहेरून वीज नको, एकाच केबलमधून सगळं. पण अडचणही तिथेच होती. यूएसबी २.० चा पोर्ट पाच व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, आणि थांबलेली चकती फिरवायला सुरुवातीचा काही क्षण त्याहून जास्त जोर लागू शकतो. म्हणून तेव्हाच्या कित्येक डिस्कबरोबर दोन शेपट्यांची केबल मिळे, दोन पोर्टांतून वीज ओढायला. लोक एकच शेपूट लावायचे आणि दिवा लागला तरी डिस्क दिसत नाही म्हणून दुकान गाठायचे. यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली आणि तक्रारी कमी झाल्या. तरी आजही मी सुरुवात तिथूनच करते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, मदरबोर्डवरचा पोर्ट. मधला हब काढून टाकायचा. लांब केबलऐवजी आखूड, आणि तीही खात्रीची, कारण काही केबलींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तेव्हा आधी तिचा ॲडॉप्टर बदलून बघायचा. आमच्याकडच्या भारनियमनानं आणि वरखाली होणाऱ्या दाबानं कितीतरी ॲडॉप्टर खाल्ले आहेत. त्यांच्यामुळे चांगल्या डिस्क उगाच बदनाम झाल्या.

वीज आणि तार ठीक निघाली, की पुढचं ठिकाण म्हणजे विंडोजचं ‘डिस्क मॅनेजमेंट’. पुष्कळांना हे माहीतच नसतं, की ‘माय कॉम्प्युटर’मध्ये न दिसणारी डिस्क इथे दिसू शकते. विंडोजनं तिला ओळखलेलं असतं, फक्त अक्षर दिलेलं नसतं. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीच्या काळापासून राखीव, सी मुख्य डिस्कची, पुढची दोनचार कार्ड रीडरनं अडवलेली, आणि कचेरीत असाल तर एखादं नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरला देऊन टाकलेलं. अक्षरावरून अशी टक्कर झाली, की बिचारी डिस्क बाहेर राहते. उजवं क्लिक करून मोकळं अक्षर दिलं, की काम झालं.

त्याच खिडकीत कधी अक्षरापुढे ‘रॉ’ असं लिहिलेलं येतं, कधी काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’. इथे लोकांचे पाय गळतात. त्यांना मी सातबाऱ्याची गोष्ट सांगते. दप्तरातला उतारा फाटला म्हणून शिवारातली जमीन हलत नाही. बांध, विहीर, शेजारचे गट यांच्या खुणांवरून नोंद पुन्हा उभी करता येते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सगळ्या भागांची नोंद पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असते आणि त्यातले तिचे स्वतःचे बाइट फक्त ६४. तेवढे बिघडले, की अख्खी डिस्क रिकामी भासते. पण एनटीएफएस ही फाइल सिस्टिम आपल्या पहिल्या सेक्टरची प्रत भागाच्या अगदी शेवटी ठेवून देते, फॅट३२ ती सुरुवातीपासून जवळच, सहाव्या सेक्टरला ठेवते. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थानं लिहिलेला ‘टेस्टडिस्क’ नावाचा प्रोग्रॅम अशाच खुणा धुंडाळत हद्दी पुन्हा आखून देतो. तो फुकट मिळतो. त्याच्या काळ्या पडद्यावर हरवलेल्या भागाची ओळ उमटते तेव्हा इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर काटा येतो.

झटपट फॉरमॅटनं नोंदवही तेवढी नव्यानं सुरू होते, जुना मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत खाली पडून असतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहीत जातो, आणि त्यानंतर आमच्या हाती काही उरत नाही. म्हणून फोनवर कुणी विचारलं, “फॉरमॅट मारू का?” तर माझं एकच सांगणं असतं, की काही करू नका, डिस्क काढा आणि घेऊन या.

एकदा मिरजेचे एक वयस्कर काका डिस्क घेऊन आले. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीत सभा होतात. काका वर्षानुवर्षं तिथे रात्रभर बसून कॅसेटवर ध्वनिमुद्रण करत आलेले. निवृत्तीनंतर त्यांनी त्या सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवल्या, आणि मग कॅसेटना बुरशी लागली. डिस्क ‘रॉ’ दाखवत होती आणि फाइलींची मुख्य सूचीच खराब झालेली, त्यामुळे टेस्टडिस्क पुरा पडला नाही. त्याचाच जोडीदार ‘फोटोरेक’ सूचीकडे बघतच नाही. तो डिस्क सेक्टरमागून सेक्टर वाचत जातो आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या सुरुवातीला जी ठराविक खूण असते तिच्यावरून फाइल ओळखतो. रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी ढीगभर ध्वनिफिती मिळाल्या, पण एकीलाही नाव नव्हतं. गायक कोण, राग कोणता, साल कोणतं, काही नाही. नुसते आकडे.

मला वाईट वाटलं. काकांना वाटलं नाही. त्यांनी कानाला हेडफोन लावला, वही काढली आणि ऐकायला बसले. तंबोऱ्याच्या पहिल्या झंकारावर ते थोडे पुढे झुकायचे. एका फितीत मागे पोरगं खोकत होतं, त्यावरून त्यांनी साल सांगितलं, कारण त्या वर्षी नातू मांडीवर होता. पुढे कित्येक दुपारी ते येत राहिले आणि आकड्यांच्या जागी नावं बसत गेली. यंत्रानं आवाज परत दिला होता, पण तो कुणाचा हे सांगायला काकाच लागले.

अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या आतेभावाची डिस्कही अशीच वाचली जात नव्हती. त्यानं आत्यासाठी मुलांचे व्हिडिओ डिस्कवर भरून आणले. ती त्याच्या मॅकवर तयार केलेली, ॲपलच्या फाइल सिस्टिममध्ये. विंडोजला ती भाषाच येत नाही, म्हणून ते फॉरमॅटचं विचारत होतं. डिस्क पूर्ण निरोगी होती. दोन्हीकडे चालायला हवी तर एक्सफॅट, एवढं कळलं की प्रश्न मिटतो. आत्या मात्र फॉरमॅटच्या बटणापर्यंत पोचली होती, या आठवणीनं मला आजही धस्स होतं.

या सगळ्याच्या पलीकडे एक हद्द आहे. डिस्कमधून टिक टिक असा ठोका येऊ लागला, की माझं काम संपतं. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९०. त्या वेगानं फिरणाऱ्या चकतीवर वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असतं, माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. हेड बिघडलं असेल, तर प्रत्येक चालू करण्यानं चकती खरवडली जाण्याची भीती असते. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय लोक एकमेकांना सांगतात. त्यानं आत दव धरतं. घरात झाकण उघडलं, तर धुळीचा एक कण पुरतो. ती स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेतच जायला हवी. ठोका नसेल, नुसतीच अडखळत असेल, तर आधी ‘डीडीरेस्क्यू’नं तिची हुबेहूब प्रत काढायची. तो प्रोग्रॅम सुखरूप भाग आधी उचलतो, अवघड जागा टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. ‘चेकडिस्क’ वगैरे दुरुस्त्या त्यानंतर, आणि त्याही प्रतीवर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात आलं. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर फोटो स्टुडिओवाले, वकील, डॉक्टर चिखलानं माखलेल्या डिस्क घेऊन दारात उभे राहिले. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बहुतेक हार्ड डिस्कला एक सूक्ष्म छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. कित्येकांनी डिस्क उन्हात वाळवून जोडल्या होत्या. गाळ चकतीवर सुकून बसला आणि फिरताना त्यानंच घात केला. ज्यांनी ओल्या डिस्क तशाच पिशवीत बंद करून आणल्या, त्यांना प्रयोगशाळेची वाट तरी मोकळी राहिली. वाळवायची धडपड मायेपोटीच होती, म्हणून ते बघणं जास्त कठीण गेलं.

आता दिवस पुन्हा बदलले आहेत. पूर्वी डिस्कचा बाहेरचा डबा उघडून ती थेट मशिनला जोडता यायची. आता बऱ्याच डिस्कचा यूएसबीचा सांधा मूळ सर्किटच्या पट्टीवरच असतो, आणि काहींत मजकूर तिथेच कूटबद्ध होतो, त्यामुळे पट्टी गेली की सगळं अडतं. एसएसडीत तर पुसलेल्या जागा यंत्र स्वतःहून मोकळ्या करून टाकतं. परत मिळवायच्या वाटा कमी होत चालल्या आहेत. तेव्हा काम आधीच करायला हवं. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. खंडेनवमीला दुकानातली अवजारं पुसून पूजेला मांडते, त्याच दिवशी घरातली प्रत्येक डिस्क जोडून उघडून बघते.

आणि मिरजेच्या काकांपासून आणखी एक काम मी नेमानं करते. आईला शेजारी बसवते, जुने फोटो एकेक करून उघडते आणि ती सांगेल ती नावं लिहून घेते. बिघडलेल्या डिस्कमधून फोटो काढून देणारं कुणी ना कुणी भेटतं. मागच्या रांगेतली पदर घेतलेली बाई कोण, हे मात्र कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. सांगणारं माणूस घरात आहे आणि डिस्क अजून दिसते आहे, तोवर एवढं प्रत्येकानं करावं.