मगरिबनंतरचा मोबाइल

रमजानचा एकविसावा रोजा. दस्तरखानावर खजूर मांडले होते आणि आम्हा दोघांचे मोबाइल एकदमच वाजले. ‘आज रात्रीपर्यंत माहिती भरा.’ आम्ही नवरा-बायको एकाच उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक, त्यामुळे ग्रुप एक आणि आदेशही एकच. खजूर तोंडात टाकला, मगरिब घाईत उरकली आणि लॅपटॉप उघडला.

मुलांची नावे आधारशी जुळवायची होती. ‘मोहम्मद’चे इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. एक अक्षर इकडेतिकडे झाले की पोर्टल नाव नाकारते. ओटीपी पालकांच्या मोबाइलवर, पालक तरावीहला! आमचीही तरावीह त्या दिवशी हुकली. रात्री अकराला काम संपले तेव्हा कळले, अम्मींना संध्याकाळपासून ताप होता.

“सांगितलं का नाही?”

“बेटा, तुम्ही कामात होता ना.”

ते शब्द आम्हाला फार लागले.

यंत्राला सरसकट दोष देणे बरोबर नाही. पूर्वी एका कागदासाठी तालुक्याला दिवस मोडायचा, आता तो कागद घरबसल्या मिळतो. पण हेच यंत्र वेळेची मर्यादा विसरायला लावते. झोप उडते, मान दुखते, मुलांवर विनाकारण ओरडले जाते. वर्गातला जीवही आटतो. पहिलीतल्या एका मुलाने पहिल्यांदाच एक ओळ अडखळत वाचली आणि आम्ही म्हणालो, “थांब, पुन्हा वाच, फोटो राहिला.” तो पुन्हा वाचायला तयारच झाला नाही. ज्या आनंदासाठी शिक्षक झालो, तोच आम्ही घालवला होता.

हा त्रास आमच्या एकट्याचा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांनी १९८४ मध्येच आपल्या पुस्तकात त्याला ‘टेक्नोस्ट्रेस’ म्हटले होते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असे खासगी विधेयक लोकसभेत मांडले.

आपल्या दीनने तर हे फार पूर्वी शिकवले आहे. हजरत अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजा आणि रात्रभर नमाज यांत इतके गढले, की घराकडे दुर्लक्ष झाले. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना समजावले, की रबचा हक्क आहे तसा शरीराचा आणि घरच्यांचाही आहे, ज्याचा हक्क त्याला द्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. इबादतीलाही ही मर्यादा असेल, तर ऑनलाइन माहितीची काय कथा?

ईदनंतर आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो. आता शाळा सुटल्यावर अर्धा तास सगळे शिक्षक एकत्र बसून नोंदी भरतात. एका शनिवारी पालकांना बोलावून नावांची स्पेलिंगे वहीत पक्की करून घेतली, तेव्हापासून अर्धी डोकेदुखी गेली. खरेच तातडीचे असेल तर मुख्याध्यापक फोन करतात. वरून मेसेज अजूनही रात्री येतात. ते आमच्या हातात नाही.

पण मगरिब ते इशा आमचे मोबाइल कपाटात असतात. त्या वेळेत आम्ही अम्मींजवळ बसतो. परवा त्या स्वतःहून म्हणाल्या, “आज गुडघा फार दुखतोय.” ऐकून वाईट वाटले, आणि अल्हमदुलिल्लाह, बरेही वाटले. त्यांनी आम्हाला सांगितले तरी!