कीर्द आणि खतावणी

आमच्या धंद्यांतील मनुष्याला एक चमत्कारिक व्यसन असतें. संगणकासाठीं आज्ञावली लिहून पोट भरणारा कोणीहि घ्या. एकदां उपयोगी पडलेला आज्ञावलीचा तुकडा तो कधीं फेंकून देणार नाहीं. चार ओळींचा कां होईना, तो जपून ठेवलाच पाहिजे असें त्याला वाटतें. प्रश्न एवढाच, कीं ठेवावा कुठें? एव्हरनोट आहे, नोशन आहे, ऑब्सिडियन आहे, गिटहबवर जिस्टची सोय आहे. शिवाय स्वतःच स्वतःला पाठविलेले निरोप आहेतच. त्यांतच एखादें नवें साधन निघतें आणि सारा संसार तिकडे हलविण्यांत एक अख्खा रविवार खर्ची पडतो. त्या दिवशीं काम कांहींच होत नाहीं. पण काम केल्याचें समाधान मात्र पुरेपूर मिळतें!

या पसाऱ्यावर जाणत्यांचा उपाय ठरलेला आहे: सारें एका ठिकाणीं आणा. मला तो फारसा पटत नाहीं. कोणत्याहि गृहिणीला विचारा. दुधाचा हिशेब भिंतीवरील दिनदर्शिकेवर असतो, कारण दूध तारखेनें येतें. लोणच्याचें प्रमाण फडताळाच्या दाराला आंतून चिकटविलेलें असतें. औषधाच्या वेळा औषधाच्याच डब्यावर. हीं टिपणें विखुरलेलीं दिसतात खरीं. पण जेथें त्यांची गरज पडते तेथेंच तीं आहेत. तीं सारीं एका सुबक वहींत उतरविलीं, तर वही सुंदर होईल आणि दूधवाला दारांत ताटकळेल. आज्ञावलीच्या तुकड्यांचेंहि तसेंच आहे. रोज लागणारा तुकडा हाताशीं हवा. चौघांच्या उपयोगाचा तुकडा चौघांच्या सामायिक जागीं हवा.

खरी उणीव निराळीच असते. आरसिंक नांवाची एक आज्ञा फाइलींची नक्कल एका जागेहून दुसऱ्या जागीं नेते. मूळ फोल्डरच्या नांवाअखेरीस तिरपी रेघ दिली, तर आंतील माल तेवढा जातो. न दिली, तर फोल्डर आपल्या नांवानिशीं जातें. आणि ‘पलीकडे जादा असेल तें पुसून टाक’ अशी सूचना तिला जोडलेली असली, म्हणजे त्या इवल्याशा रेघेवर कोणाच्या तरी वर्षभराच्या कामाचें भवितव्य टांगलेलें असतें. असा तुकडा नुसता जपून ठेवला, तर तीन वर्षांनीं तो वाचणाराला ती रेघ मुद्दाम दिली कीं हात घसरून पडली, हें कसें कळावें? तुकडा राहतो, त्याचें कारण हरपतें.

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. कीर्दींत दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमानें, वर्गवारीचा विचार न करतां, लिहावयाचा. मग सवडीनें खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा. घाईच्या वेळीं खातें शोधीत बसावें लागत नाहीं, आणि शोधाच्या वेळीं घाईचा पसारा आड येत नाहीं.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले, तेव्हां त्यांनीं आमच्या स्वाधीन साध्या मजकुराची एकच फाइल केली. रंग नाहींत, चित्रें नाहींत. प्रत्येक नोंदीला तारीख, काय अडलें, कोणता उपाय केला, आणि तोच कां, हें एका वाक्यांत. ज्या नोंदीची दुसऱ्यांदा गरज पडली तिच्यापुढें फुली; आणि फुली पडलेली नोंद तेवढीच पुढें योग्य जागीं उतरविलेली. ही त्यांची कीर्द, आणि तीच त्यांची खतावणी. पुढें कितीतरी अडल्या रात्रीं त्या फाइलीनें आम्हांला तारलें. इतरांचीं सुशोभित दालनें मात्र त्यांच्या मालकांबरोबरच मुकीं झालीं.

फाइल साध्या मजकुराची होती, हेंहि महत्त्वाचें. ग्रेप हें शोधाचें साधन १९७३ सालचें. साध्या मजकुरावर तें आजहि चालतें. उलट गूगलची नोटबुक २००६ सालीं निघाली आणि २०१२ सालीं मिटलीहि. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनीं सुमारें ९०,००० चिठ्ठ्या जमविल्या होत्या. विषयवार कप्प्यांपेक्षां प्रत्येक चिठ्ठीचा क्रमांक आणि एकींत केलेला दुसरीचा निर्देश, यांवर त्यांची भिस्त असे. ते १९९८ सालीं वारले; चिठ्ठ्या अजून वाचतां येतात, कारण कागद उघडावयास कोणाचा परवाना लागत नाहीं.

नव्या साधनांचें कौतुक मलाहि आहे, आणि तें मीं कां लपवावें? पण तुकडा कोठेंहि ठेवा, त्याच्या शेजारीं आपल्या भाषेंत एक ओळ लिहा: हें असें कां केलें. ती लिहावयास अर्धें मिनिट पुरतें. आणि ती शोधणारा मनुष्य बहुधा रात्रीं दोन वाजतां, धास्तावलेल्या मनानें, एकटाच शोधीत असतो.