तो परत आला होता

गेल्या फेब्रुवारीत आमच्या भावकीनं गावच्या वेशीत फ्लेक्स लावला. त्यावर मुंडासं बांधलेला, तलवार उगारलेला घोडेस्वार आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'अष्टीच्या रणात धारातीर्थी पडलेले आमचे मूळपुरुष, वीर हुतात्मा'. फ्लेक्स उतरून वर्ष होत आलं, पण ती ओळ माझ्या मनातून उतरत नाही. कारण तो माणूस अष्टीत पडलाच नव्हता. तो परत आला, तीसेक वर्षं शेती केली आणि घरातल्या बाजेवर मेला. त्याची दोन्ही मुलं परतल्यानंतरची. तो पडला असता तर आमच्यापैकी एकही जण जन्माला आला नसता.

अष्टीची लढाई आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मोहोळ तालुक्यातलं अष्टी, २० फेब्रुवारी १८१८. जनरल स्मिथची फौज अंगावर आल्याची बातमी आली तेव्हा पेशवा दुसरा बाजीराव जेवायला बसला होता. तो घोड्यावर बसून निघाला. पिछाडी सांभाळायला बापू गोखले मागं राहिले आणि लढता लढता पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. मे महिन्यात मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला, ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्य संपलं.

आमचा पुरुष या फौजेत शिलेदार होता. घोडा घरचा, हत्यार घरचं. आमच्याकडं शाळू पेरून दसऱ्यानंतर मोहिमेवर जायचं, असंच होतं. फेब्रुवारीत शाळूची काढणी येते. म्हणजे तो अष्टीच्या माळावर होता तेव्हा इकडं सीनाकाठी त्याची बायको ताटं उपटत असणार. तिचं नाव आमच्या वंशावळीत नाही. 'अमक्या गावची लेक' एवढीच तिची नोंद.

मूळपुरुष परत आल्याचं मला कळलं ते वंशावळ सांगणाऱ्या हेळव्याकडून. माझ्या लहानपणी खळी उरकली की तो यायचा. झूल घातलेला बैल, त्याच्या गळ्यात घंटा, पडशीत चोपड्या. ओसरीवर घोंगडं टाकलं की वडील त्याच्यासमोर हात जोडून बसत आणि तो आमची पिढ्यान् पिढ्यांची नावं एका सुरात म्हणत जाई. शेवटी पायलीनं ज्वारी आणि धोतरजोडी. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याचा नातू आला, तेव्हा मी वही घेऊन बसलो आणि सगळं उतरवून घेतलं. मूळपुरुषाच्या नावापुढं मोजकंच होतं. अष्टीच्या दंग्यात गेला, सालभरानं पायी आला, जमीन कसली, दोन मुलगे, एक लेक अमक्या गावी दिली.

'पायी आला' या दोन शब्दांवर मी किती रात्री घालवल्या असतील! शिलेदाराचा घोडा गेला म्हणजे त्याची चाकरी गेली, भांडवल गेलं, गावातला मानही गेला. घोडा मारला गेला की हिरावून घेतला, ते हेळव्याच्या चोपडीत नाही. आणि ते सालभर तो होता कुठं? आमच्या घरात तलवार कधीच नव्हती. होती एक लोखंडी रिकीब. माझी आई ती ज्वारीच्या कणगीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवायची. कदाचित घोड्याचं तेवढंच त्यानं सोबत आणलं असेल.

फ्लेक्सच्या आधी देवळात भावकीची बैठक झाली. मी वही घेऊन गेलो. म्हटलं, चोपडीत 'आला' असं आहे, आपण 'पडला' कसं लिहायचं? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमचे एक चुलते म्हणाले, "मग काय, पळून आला म्हणून लिहू का? पोरं वेशीत वाचतील, पाहुणे वाचतील." मी म्हटलं, "आप्पा, परत येणं म्हणजे पळणं नव्हं." ते म्हणाले, "गुरुजी, तुमाला शाळेतला इतिहास पायजे, आमाला आमचा माणूस पायजे." सगळे हसले. वर्गणी ठरली. मी पाचशे रुपये दिले आणि उठून आलो. पैसे का दिले, हे मला आजही सांगता येत नाही.

मला राग आप्पांचा नाही. राग याचा आहे की आपल्याकडं मेल्याशिवाय माणूस मोठा होत नाही. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कंपनीच्या बाजूनं पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत. हरलेल्या बाजूच्या साध्या शिलेदाराचं नाव कोण कोरणार? सरदारांची नावं राहिली, बाकीचे सगळे 'फौज' या एका शब्दात गेले. त्यातही ज्यानं रण सोडलं त्या बाजीरावाला सालाना आठ लाख रुपयांचा तनखा मिळाला आणि १८५१ पर्यंत, मरेपर्यंत, ब्रह्मावर्ताला तो घेत राहिला. सालाना आठ लाख, बत्तीस वर्षांहून जास्त! आमच्या माणसाला घोड्याचे पैसेही कुणी दिले नाहीत. धनी निघून गेल्यावर जे उरले त्यांचं काय झालं, हे विचारणारा दरबारच उरला नव्हता.

आणि त्यानंतरचं त्याचं जगणं काय सोपं होतं? घोड्याच्या पाठीवर बसणाऱ्या माणसानं काळ्या रानात नांगर धरायचा. त्या लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. त्याच्याकडं इतके कुठून असणार? सावड करून, दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्यानं रान उलथलं असणार. कंपनीचा सारा सुरुवातीला इतका जड की लोक जमिनी टाकून गेले. मग १८३६ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड-विंगेटची मोजणी सुरू झाली, ती पुढं आमच्याकडं आली आणि रानाला नंबर पडले. त्याच्या रानाला पडलेला नंबर आजही आमच्या सातबाऱ्यावर आहे. मला विचाराल तर त्याचं स्मारक ते आहे.

'हुतात्मा' हा शब्द तर सोलापुरात कुणी सहज वापरू नये. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे चौघं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्या चौघांचा तो शब्द आहे. आपल्या पूर्वजाला मोठं करायला तो उचलून आणला की त्यांचाही अपमान होतो आणि पूर्वजाचाही. ज्यांच्या घरी अजून हेळवी येतो त्यांनी त्याला पाणी देऊन वाटेला लावू नका. बसवा, ऐका, लिहून ठेवा. आणि लिहिताना बायकांची नावं विचारा. आमची राहिली ती राहिलीच.

उन्हाळ्यात नातवाला घेऊन अष्टीला गेलो. तलावाच्या बांधावर उभे राहिलो. हा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात काम काढून बांधला. आमच्या घरात सांगतात की मूळपुरुषाचा नातू त्या कामावर माती वाहायला होता. आजा जिथून जीव घेऊन आला, तिथंच नातवानं जीव जगवायला पाट्या वाहिल्या. त्याला आजाची लढाई ठाऊक असेल का? टोपली डोक्यावर घेताना ध्यानात आली असेल का? मला तिथं फार भरून आलं. रणात काय झालं यापेक्षा त्या पाट्याच मला मोठ्या वाटल्या.

तेवढ्यात नातवानं विचारलं, "आजोबा, मग ते पळाले होते का?"

मी झटकन "नाही" म्हणालो. जराही थांबलो नाही. वर हेही सांगितलं की ते बापू गोखल्यांच्या तुकडीत होते, शेवटपर्यंत लढले, घोडा पडला म्हणून पायी आले. यातलं काहीही चोपडीत नाही. बैठकीत मी भावकीशी ज्यासाठी भांडलो, तेच मी बांधावर उभं राहून पोराला सांगितलं. आणि सांगताना मला बरं वाटत होतं.

आता भावकी मूळपुरुषाचा चौथरा बांधते आहे. काचेच्या पेटीत ठेवायला त्यांना ती रिकीब हवी आहे. आप्पा दोनदा येऊन गेले. कणगी केव्हाच मोडली. रिकीब माझ्या टेबलावर त्या वहीवर असते. आप्पांना मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.