हळद जरा जास्तच झाली!

‘‘काय गं, माझ्या लेकीला कावीळ झाली होती का?’’

काकूंनी अल्बम माझ्यासमोर आपटला नाही, एवढंच. मैत्रीण बिचारी खाली मान घालून बसलेली. तिच्या हळदीचे फोटो मी काढले होते. नुसते लेख लिहून घरभाडं सुटत नाही, म्हणून हल्ली अशी कामंही घेते. आणि अल्बममध्ये नवरी, आत्या, मावशी, झाडून सगळे पिवळेधम्मक!

तडक प्रिंट लॅबमध्ये जाऊन भांडले. त्या माणसाने शांतपणे माझीच फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडली. तिथेही कावीळच. म्हणजे गडबड माझ्या घरी होती. माझ्या जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन मुळातच फिका आणि निळसर. त्यावर हळद मरगळलेली दिसायची, म्हणून मी रंग चढवत गेले. रात्री दोन वाजता, मोठ्या आत्मविश्वासाने!

मानधन परत केलं, नवा अल्बम माझ्या खर्चाने देईन म्हटलं आणि एफडी मोडली. पंचाहत्तर हजार. बाबा म्हणाले, ‘‘एवढ्यात स्कूटर आली असती.’’ आली असती, खरंच.

मग काय, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे, तिथे ‘फोटो एडिटिंग’ म्हटलं की समोर गेमिंग लॅपटॉप येतो. लाल दिवे लागणारा कीबोर्ड, भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. ‘‘मॅडम, डोळे झाकून घ्या!’’ डोळे झाकूनच तर आधीचा घेतला होता.

या वेळी पेनड्राइव्हमध्ये हळदीचे फोटो आणि पिशवीत तो बदनाम अल्बम घेऊन गेले होते. प्रत्येक स्क्रीनवर तोच फोटो उघडायचा, शेजारी छापलेलं पान धरायचं. लाल दिवेवाल्यावर नवरी चक्क गोरीपान! म्हणजे हाही खोटारडा. स्पेसिफिकेशन पाहिलं तर ‘४५ टक्के एनटीएससी’. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन टीव्हीचं माप, आणि त्याचे ४५ टक्के म्हणजे आपल्या नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम ६०-६५ टक्के. बाकीचे रंग स्क्रीनला दाखवताच येत नाहीत. ही ओळ बॉक्सवर क्वचितच असते, विचारावी लागते. विचारल्यावर दुकानदार तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो, हा बोनस.

चौथ्या दुकानात एक साधा, राखाडी, कुणी वळून बघणार नाही असा लॅपटॉप सापडला. आयपीएस स्क्रीन, १०० टक्के एसआरजीबी. बाजूने वाकून पाहिलं तरी रंग हलेना. आणि नवरी? अल्बमइतकीच पिवळी! भर दुकानात मी आनंदाने ओरडले. दुकानदाराला काही कळलं नाही.

प्रोसेसर मधला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एआयने फोटोतली नॉइज काढायला बसले की चहा करून येण्याइतका वेळ मिळतो. चालेल. रॅम आठ जीबीच होती, पण एक स्लॉट रिकामा होता, तिथेच आणखी आठ टाकून घेतली. अनेक स्लिम लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवायची सोय नाही. उरलेल्या पैशांत स्क्रीनचे रंग जुळवणारा कॅलिब्रेटर आला, सेकंडहॅंड. एफडीचे शिल्लक राहिले अकराशे रुपये.

घरी आल्यावर ते फोटो पुन्हा उघडले आणि स्वतःचीच लाज वाटली. तीन रात्री बसून हळद उतरवली.

नवा अल्बम घेऊन गेले तेव्हा काकूंनी चष्मा लावून एकेक पान पाहिलं. मैत्रीण माझ्याकडे, मी जमिनीकडे. शेवटचं पान मिटून म्हणाल्या, ‘‘मे महिन्यात नातवाची मुंज आहे. फोटो तूच काढ. पण छापायच्या आधी मला दाखवायचे हं, त्या नव्या लॅपटॉपवर.’’