हे लताचं नाही

आमच्या घरात भांडणाचे विषय ठरलेले आहेत. पोह्यांवर आधी शेव की आधी लिंबू, सराफ्यात जायचं तर किती वाजता, आणि सगळ्यात चांगली गायिका कोण. पहिले दोन पाहुण्यांसमोरही चालतात. तिसरा निघाला की आई उठून चहा टाकायला जाते, कारण आता तासभर कुणी जागचं हलणार नाही हे तिला माहीत असतं.

खरं म्हणजे इंदूरच्या मराठी घरात या वादाचा निकाल आधीच लागलेला असतो. लताबाईंचा जन्म इथला, शीख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्यामुळे लता ही आमच्याकडे आवडीनिवडीची बाब नाही, माहेरची बाब आहे. कुणी आशाबाईंचं नाव घेतलं तर चालवून घेतात, शेवटी बहीणच ती. त्यापलीकडचं नाव घेणाऱ्याकडे मात्र "बरं आहे ना तुला?" अशा नजरेनं बघतात.

६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या. त्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या गणपतीत एक संध्याकाळ त्यांच्या गाण्यांची करायची ठरली. यादी आणि निवेदन माझ्याकडे आलं. मी तेव्हा घरूनच ऑफिसचं काम करत होते, म्हणजे लोकांच्या मते रिकामीच होते. यादी करायला काय लागतं? फोन उघडला, दोन तासांत बावीस गाणी तयार.

ताईआत्याला यादी वाचून दाखवली ती नुसती शाबासकी मिळावी म्हणून. ताईआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सासर इथलंच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. ती मेथी निवडत बसली होती. सातव्या गाण्यावर तिचा हात थांबला.

"हे लताचं नाही."

'बाळा गाऊ कशी अंगाई'मधली ती अंगाई, जिच्यावर आमच्या घरातली तीनचार बाळं झोपलेली आहेत. मी हसले. पुढे वाचत गेले. 'ब्रह्मचारी'मधलं रफीसाहेबांबरोबरचं युगुलगीत आलं. "हेही नाही." मग 'बात एक रात की'मधलं. "आणि हे तर नाहीच नाही."

मी फोन तिच्यापुढे धरला. "हे बघ, इथे लिहिलंय. लता मंगेशकर."

"लिहिणाऱ्यानं ऐकलं नसेल," असं म्हणून तिनं मेथी पुढे ओढली.

तिन्ही गाणी सुमन कल्याणपूर यांची निघाली. मला हे नाव माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्यासाठी ते दिवाळी अंकातल्या एखाद्या लेखात असावं तसं होतं, वाचलं आणि पान उलटलं. ज्या गाण्यांवर मी वाढले त्यातली कितीतरी त्यांची आहेत, हे मला त्या मेथीच्या जुडीसमोर कळलं. केतकीच्या बनातल्या मोराचं गाणंसुद्धा त्यांचंच. ते मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचून घालवलं होतं, गायलंय कोण हे न विचारता.

मग आत्यानं मला ऐकायला बसवलं. तिच्याकडे अजून कॅसेटचा टेप आहे आणि तो चालतो. प्रत्येक कॅसेटवर तिच्या बारीक अक्षरात गाणं, संगीतकार आणि गायिकेचं पूर्ण नाव. एक लताचं, एक सुमनताईंचं, पुन्हा एक लताचं, अशी ती लावत गेली आणि मी चुकत गेले. दहातली चार ओळखली.

"लताचा सूर वर गेला की अगदी टोकदार होतो, सुईत दोरा ओवावा तसा," ती म्हणाली. "सुमनताईंचा वर जातो, पण ओला राहतो. आणि ओळ संपते तिथे कान दे. त्या ओळ सोडत नाहीत, खाली ठेवतात."

हे मला पहिल्या दिवशी ऐकू आलं नाही. चौथ्या दिवशी आलं. आता उलट प्रश्न पडतो की या दोन आवाजांत आपली गफलत झालीच कशी. (माझ्या नवऱ्याला अजूनही ऐकू येत नाही, पण तो मान डोलावतो.)

सुमनताईंविषयी मी जे वाचत गेले त्याची मला गंमतही वाटली आणि थोडी चिडही आली. जन्म ढाक्याचा, २८ जानेवारी १९३७. माहेरचं आडनाव हेम्माडी. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. चित्रकला शिकायला त्या जे. जे. मध्ये होत्या आणि सुरुवातीला गाणं शिकल्या केशवराव भोळ्यांकडे. साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी की नाही यावरून लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात बिनसलं आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद केलं. त्या काळात रफीसाहेबांबरोबरची बरीच युगुलगीतं सुमनताईंकडे आली. गाजलीही. पण लोकांनी ती गुणगुणली लताची म्हणून. पुढे महाराष्ट्र शासनानं त्यांना पुरस्कार दिला, तो लता मंगेशकर यांच्या नावाचा! मी हे आत्याला वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

माझी समजूत झाली की आत्याला लता आवडत नसणार. तसं म्हटल्यावर मात्र ती रागावली.

"कोण म्हणालं? तिच्यासारखी तीच. तुला 'महल'चं माहीत आहे का?" मग तिनं सांगितलं. १९४९ चा सिनेमा. त्यातलं लताचं गाणं सगळ्या देशानं डोक्यावर घेतलं, पण रेकॉर्डवर गाणारीचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. तेव्हा तशीच पद्धत होती. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, ही गाते कोण? तेव्हा कुठे नाव बाहेर आलं. "लता स्वतः त्यातून गेलीये बाई. नाव नसणं काय असतं ते तिला कुणी शिकवायला नको. मी भांडते ते तुमच्याशी. ऐकता आणि विचारत नाही."

या 'तुमच्याशी'मध्ये नुसती मी नव्हते, हे मला दोन दिवसांनी कळलं.

ताईआत्या लग्नाआधी गायची, इतकं मला ठाऊक होतं. किती, ते ठाऊक नव्हतं. रामबागेतल्या, नारायण बागेतल्या गणपतींमध्ये तिला बोलावणी असत. निवेदक उठून म्हणत, "आणि आता येत आहे इंदूरची लता!" लोक टाळ्या वाजवत. पहिल्या वर्षी ती आनंदानं रात्रभर झोपली नव्हती. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, कार्यक्रमाचं छापील पत्रक निघालं. तबलजीचं नाव होतं, पेटीवाल्याचं होतं, मांडववाल्याचेसुद्धा आभार होते. तिच्या जागी छापलं होतं, 'इंदूरची लता'.

"ते पत्रक आहे तुझ्याकडे?" मी विचारलं.

"कशाला ठेवू? त्यात मी होते कुठे?"

१९७३ मध्ये तिचं लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि बोलावणी हळूहळू थांबली. कुणी मनाई केली नाही, हे ती आवर्जून सांगते. पण "इंदूरची लता कुठे राहते?" असं विचारत कोण कुणाच्या सासरी येणार?

यादीतली तीन गाणी काढायची की ठेवायची यावर आमच्याकडे रीतसर बैठक झाली. माझी पुण्याची आजी, म्हणजे आईची आई, गणपतीसाठी आलेली होती. ती म्हणाली, तुमचं हे काहीच नाही. 'गीतरामायण' म्हटलं की तुम्हाला एकटे बाबूजी ऐकू येतात ना? १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला नवं गीत यायचं तेव्हा पात्रापात्राला वेगळा आवाज होता. माणिक वर्मा होत्या, मालती पांडे होत्या, ललिता फडके होत्या. आजी तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढे घरोघर बाबूजींच्याच आवाजातलं पोहोचलं आणि ते उत्तमच आहे, पण आजीच्या कानात सीता अजून बाईच्या आवाजात गाते.

मालती पांड्यांचं नाव ऐकून माझी अठरा वर्षांची चुलतबहीण, जी एरवी आमच्या गप्पांत कानात इअरफोन घालून बसते, एकदम म्हणाली, "म्हणजे प्रियांका बर्वेची आजी?" तिनं हे कुठल्याशा मुलाखतीत ऐकलं होतं. पुण्याच्या आजीला प्रियांका बर्वे कोण ते माहीत नव्हतं. दोघी अर्धा तास एकमेकींना गाणी ऐकवत बसल्या. मग बाबांनी देवासचा विषय काढला. वसुंधराताई कोमकली. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेल्या, पुढे कुमारजींच्या शिष्या आणि मग पत्नी. "आमच्या पिढीनं त्यांना कुमारजींच्या मागे तंबोऱ्यावर बघितलं आणि तिथेच बसवून ठेवलं," बाबा म्हणाले. निर्गुणी भजनांत दोघांचा आवाज एकत्र येतो, पण आम्ही सांगतो काय, कुमारांचं भजन. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या पंच्याहत्तरीला टेकल्या होत्या. तासाभराच्या अंतरावर राहूनही बाबांनी त्यांची स्वतंत्र मैफल ऐकली नाही. २०१५ मध्ये त्या गेल्या. आता कलापिनीताईंचं गाणं असलं की बाबा चुकवत नाहीत.

निर्णय असा झाला की कार्यक्रम लताबाईंचाच राहील, ती तीन गाणी निघतील आणि मध्यंतरानंतर एक गाणं सुमनताईंचं, त्यांच्या नावानं. गाणार ताईआत्या. तिला तयार करायला आठ दिवस लागले. श्वास पुरत नाही, वरचा षड्ज लागत नाही, साडी नाही. साडी आईनं दिली. सूर अर्ध्या पट्टीनं खाली घेतला.

त्या संध्याकाळी माझं निवेदन झकास झालं, असं सगळे म्हणाले. सुमनताईंची माहिती मी मन लावून लिहिली होती. ढाका, जे. जे., 'ब्रह्मचारी', सगळं. शेवटी आवाज चढवून म्हटलं, "आणि हे गाणं आपल्यासमोर घेऊन येतेय, माझी लाडकी ताईआत्या!"

ती गायली. आवाज थरथरत होता, दुसऱ्या कडव्यात श्वास तुटला, पण ओळीच्या शेवटी तिनं सूर असा खाली ठेवला की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ध्वनिक्षेपकवाल्या भैयानं हातातला मोबाईल खिशात घातला. टाळ्या झाल्या. एक आजोबा मुद्दाम उठून पुढे आले आणि म्हणाले, "वा! हुबेहूब लता!" आत्यानं हसून नमस्कार केला.

दोन दिवसांनी मी तिचा डबा परत द्यायला गेले.

"निवेदन छान केलंस," ती म्हणाली. "संगीतकाराचं नाव घेतलंस, कवीचं घेतलंस. गायलं कोण?"

"तू."

"ते लोकांना कसं कळलं?"

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग डबा हातात धरून तशीच उभी राहिले. त्या संध्याकाळच्या माझ्या चार पानी संहितेत तिचं नाव कुठेच नव्हतं.

मी माफी मागितली आणि मूर्खासारखं विचारलं, कोणतं नाव घ्यायला हवं होतं? माहेरचं की सासरचं? प्रश्न अगदीच मूर्खपणाचा नव्हता, हे नंतर कळलं. माणिक वर्मा आधी दादरकर होत्या. गोव्याच्या दुर्गा केळेकर पुढे ज्योत्स्ना भोळे झाल्या. हेम्माडींच्या सुमनताई लग्नानंतर कल्याणपूर झाल्या. लताबाईंचंही जन्मनाव हेमा होतं. पण त्या सगळ्यांना एक तरी नाव असं मिळालं की जे गाण्याला चिकटून राहिलं.

आत्यानं विचार करून उत्तर दिलं. "सासरचं नाव वाईट नाही. त्या नावानं मी संसार केला, पोरं वाढवली. पण त्या नावानं गायले नाही कधी. शिकले माहेरच्या नावानं. तेच घे."

२५ जानेवारी २०२३ च्या रात्री तिचा फोन आला. पद्म पुरस्कारांची यादी लागली होती. सुमन कल्याणपूर, पद्मभूषण. तीन दिवसांनी त्या शहाऐंशी वर्षांच्या होणार होत्या. आत्या फोनवर फार बोलली नाही. मागे टेप चालू होता, तो मला नीट ऐकू यावा म्हणून तिनं फोन त्याच्याजवळ नेऊन धरला.

हा लेख पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवला आणि विचारलं, तुझं नाव घालू ना, माहेरचं, पूर्ण? तिनं थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"इथे नको," ती म्हणाली. "इथे मी कुठे गातेय? यंदा गणपतीत घे. आणि सूर अजून अर्ध्या पट्टीनं खाली लागेल, पेटीवाल्याला आत्तापासून सांगून ठेव."