कासरा नसलेली गाडी

दोस्तांनो, मार्च महिना म्हटला की तुम्हाला काय आठवतं? वार्षिक परीक्षा, तापू लागलेलं ऊन आणि उसाचा रस! पण आज आपण अशा गावी जाऊ, जिथे मार्चमध्ये भर शहरातल्या रस्त्यावर मुद्दाम बर्फ आणून पसरतात. तोही कुत्र्यांसाठी, बरं का!

हे गाव म्हणजे अमेरिकेतल्या अलास्का राज्यातलं सर्वांत मोठं शहर, अँकरेज. मार्चच्या पहिल्या शनिवारी इथल्या फोर्थ अॅव्हेन्यू या रस्त्यावर 'इडिटारॉड' या जगप्रसिद्ध शर्यतीचा उद्घाटनाचा सोहळा होतो. एकदा, 2016 साली, शहरात बर्फच कमी पडला. मग काय? दूरच्या फेअरबँक्स गावाहून आगगाडीने बर्फ मागवला!

रस्त्याकडेला उभे राहून पाहा. डझनभर कुत्री जोडी-जोडीने एका लांब दोराला जुंपलेली आहेत. मागे स्लेज, म्हणजे बिनचाकी घसरगाडी. तिच्यावर उभा असतो गाडीवान. त्याला तिथे 'मशर' म्हणतात. कुत्री थयथयाट करत असतात, निघायची घाई त्यांनाच जास्त!

आता नीट बघा. मशरच्या हातात काय आहे? आपल्या बैलगाडीवाल्याच्या हाती कासरा असतो, टांगेवाल्याच्या हाती लगाम. इथे दोन्ही नाहीत. गाडी चालते ती नुसत्या आवाजावर. 'हाइक' म्हणजे निघा, 'वो' म्हणजे थांबा, 'हॉ' म्हणजे डावीकडे आणि 'जी' म्हणजे उजवीकडे. (आपल्याकडे 'जी' म्हटलं की हुकूम मान्य, तिथे 'जी' हाच हुकूम!) हुकूम ऐकून वळतो तो सर्वांत पुढचा म्होरक्या कुत्रा, आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. म्होरक्याने ऐकलंच नाही, तर मशर काय करणार? म्हणून या खेळात पहिला धडा असतो मैत्रीचा, वेगाचा नंतर.

ही मैत्री किती मोलाची, ते 1925 साली साऱ्या जगाला कळलं. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. या रोगाने मुलांचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. औषध होतं दूर अँकरेजला. ते रेल्वेने नेनाना गावापर्यंत आलं. पुढे रूळच नव्हते. उरलेलं सुमारे 1,085 किलोमीटरचं अंतर 20 मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी आळीपाळीने, साडेपाच दिवसांत कापलं. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. पण सर्वांत लांबचा आणि अवघड टप्पा पार केला होता तो टोगो कुत्र्याच्या चमूने. आज याच घटसर्पापासून बचाव करणारी लस तुम्ही अगदी तान्हेपणी घेतलेली असते. आईला विचारा!

बरं, असा कुत्रा घडतो कसा? त्यासाठी अँकरेजहून उत्तरेला सुमारे 380 किलोमीटरवरच्या देनाली राष्ट्रीय उद्यानात चला. इथे 1922 पासून कुत्र्यांचं पथक आहे. हिवाळ्यात वनरक्षक त्यांच्या गाडीतून गस्त घालतात. इथलं पिल्लू पहिल्या दिवशी गाडीला जुंपत नाहीत. आधी ते मोठ्यांच्या सोबतीने मोकळं पळतं, माणसांत रुळतं. मग अंगावर पट्टे चढतात, मग हलकं ओझं. वय झालं, साधारण नऊ वर्षांचं, की कुत्रा निवृत्त होतो आणि एखाद्या घरी आरामात राहायला जातो.

तुमच्याएवढ्या मुलांनाही तिथे संधी असते. 14 ते 17 वर्षांच्या मुलामुलींसाठी 'ज्युनियर इडिटारॉड' आहे, सुमारे 240 किलोमीटरची. त्यात मध्येच दहा तासांची विश्रांती सक्तीची. कडाक्याच्या थंडीत थांबल्यावर आधी कुत्र्यांना गवताचं अंथरूण, मग त्यांना खाणं-पाणी, मग त्यांचे पाय तपासायचे. आणि स्वतःची भूक? ती सर्वांत शेवटी.

या खेळाला दुसरी बाजूही आहे. मोठ्या शर्यतीचा मार्ग साधारण 1,600 किलोमीटरचा. जनावरांचे डॉक्टर तपासणी करतात, विश्रांतीचे नियम आहेत. तरी कुत्री दगावली आहेत. 2024 साली तीन दगावली. अनेक प्राणिप्रेमी या शर्यतीला विरोध करतात. त्यांचा सवाल सरळ आहे : कुत्रा 'पुरे' म्हणू शकत नाही, मग त्याच्या वतीने कोण म्हणणार?

हाच सवाल तुमच्यासाठीही आहे. तुमच्या घरी मोती असेल, टायगर असेल, किंवा गल्लीतून आलेला लाडका काळू असेल, त्याच्यासोबत खेळ आजपासून सुरू करता येईल. त्याला बर्फ लागत नाही की महागडी जातही. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, रेबीजची लस टोचून घ्या. वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर लांब पळवू नका, त्याची हाडं अजून वाढत असतात. ओढायचा खेळ असेल तर पट्टा छातीवरून घ्या, गळ्याला ताण नको. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. 'चल', 'थांब', 'डावी', 'उजवी' हे चार शब्द निवडा. घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे, आणि शब्द पाळला की शाबासकी!

आणि आपलं ऊन विसरू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग गार करतो. म्हणून सूर्य वर येण्याआधी निघा. रस्त्यावर हाताची उलटी बाजू काही सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणारच. तो मागे रेंगाळू लागला, सावलीत बसला, जीभ फार लांब बाहेर आली, की खेळ संपला. पाणी पाजा आणि घरी चला.

धावता कुणालाही येतं. पण 'पुरे' हा न बोललेला शब्द ज्याला ऐकू येतो, तोच खरा मशर. ऐकून पाहाल ना?