खाडीपलीकडचा नाच
(द्वितीय वर्ष, कला)

आमचे गाव वरसावे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले, घोडबंदरजवळचे, वसईच्या खाडीकाठचे. पण कॉलेजात गावाचे नाव सांगितले की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे कोळीगीतांचे वेसावे ना?" इंग्रजीत दोन्ही गावांचे स्पेलिंग एकच, खाडीवरचा आमचा पूलदेखील त्यामुळे त्यांच्याच नावाने ओळखला जातो! 'वेसावकर आणि मंडळीं'नी कॅसेटच्या जमान्यात आपल्या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. आमचे गाव मात्र पाहणाऱ्यांचे. हमरस्त्यावरच्या गाड्या पाहिल्या, हळदीचे नाच पाहिले, आणि २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यापासून मोबाइल पाहतो आहोत.

मोबाइलला बरे-वाईट बोलणे सोपे आहे. वक्तृत्व स्पर्धेत आम्ही तेच करतो. पण माझ्या आईला वाचता येत नाही. तिच्यासाठी हे जगातले पहिलेच पुस्तक, ज्याला अक्षरे लागत नाहीत. २०२५ च्या जुलैत तिने त्यात इंडोनेशियातला एक मुलगा पाहिला. वय वर्षे अकरा. सुमात्रा बेटावरच्या रियाऊ प्रांतात 'पाचू जालूर' नावाच्या होड्यांच्या शर्यती होतात. लांबलचक होडीत पन्नासेक वल्हेकरी, आणि अगदी टोकावर हा काळ्या चष्म्यातला पोरगा, हात संथ हलवीत, तोल न जाऊ देता नाचतो आहे. युरोपातल्या फुटबॉलपटूंनी त्याची नक्कल केली, प्रांताने त्याला पर्यटनदूत केले. आई एवढेच म्हणाली, "बग गो बाय, आपलेच खारीन नाचतंय जसा!"

मला त्या देशाविषयी कुतूहल वाटू लागले. तेथे 'डांगडूट' नावाचे लोकप्रिय संगीत आहे. ढोलकीसारख्या वाद्याच्या बोलांवरूनच हे नाव पडले, आणि त्याच्या चालींवर आपल्या हिंदी सिनेसंगीताची दाट छाया आहे. १९७० च्या दशकात रोमा इरामा या गायकाने त्याला इलेक्ट्रिक गिटारची जोड दिली. शहरी, शिकलेली मंडळी त्याला गावंढळ म्हणून नाके मुरडीत. पुढे २००३ मध्ये इनुल दाराटिस्टा ही खेड्यापाड्यांत, लग्नाकार्यांत नाचणारी गायिका चोरून छापलेल्या व्हीसीडींमुळे देशभर पोचली. तिच्या कमरेच्या हालचालींवरून गदारोळ उठला. आणि तिच्यावर टीका करण्यात खुद्द रोमा इरामाच पुढे होते! एकदा गावंढळ ठरवला गेलेला माणूसच दुसऱ्याला असभ्य ठरवतो, हे वाचून मन चरकले.

कारण हाच वाद आमच्या घरात चालू आहे.

माझी धाकटी बहीण बारावीत आहे. चुलत्यांकडच्या हळदीत ती एका कोळीगीतावर नाचली. सुंदर नाचली. कुणीतरी त्याचे रील केले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण नाच थांबले नाहीत. ते इन्स्टाग्रामवर गेले. दोन दिवसांत अनोळखी माणसांनी खाली काहीबाही लिहिले. बाबा रिक्षा चालवतात. नाक्यावर कुणीतरी त्यांनाच तो व्हिडिओ दाखवला. त्या रात्री बाबांनी तिचा नाच बंद केला. स्नेहसंमेलनातलासुद्धा. मला म्हणाले, "तू घरात शिकलेली. तूच समजाव तिला."

शिकलेली मी! वर्गात आम्ही शाहिरी कविता शिकतो. होनाजी बाळा, राम जोशी. सोलापूरच्या विद्वान घरातल्या राम जोशींना तमाशाच्या नादापायी थोरल्या भावाने घराबाहेर काढले, असे सांगतात. आज त्यांच्या लावणीवर परीक्षेत प्रश्न येतो. त्या थोरल्या भावाला कोण ओळखते? आणि आमच्या घरात थोरली मी आहे.

बाबांची भीती खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मांडवात पाहणारी माणसे आपली असतात. कुणी वावगे बोलले तर त्याला दटावणारी आत्या तेथेच असते. मोबाइलमध्ये पाहणाऱ्याला चेहरा नसतो आणि दटावणारेही कुणी नसते. पण म्हणून नाचच बंद करायचा? वाईट लिहिणारा मोकळा आणि नाचणारी कोंडलेली, हा कुठला न्याय?

तो सुमात्रातला पोरगा टोकावर एवढा निर्धास्त कसा उभा राहतो, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर त्याच्या मागे बसले आहे. पन्नास माणसे त्याच्यासाठी वल्ही मारीत आहेत. माझी बहीण नाचली तेव्हा होडीत कुणीच नव्हते. मुलगी वाऱ्यावर पडते ती नाचल्यामुळे नव्हे, घरच्यांनी वल्ही खाली ठेवल्यामुळे.

हे सारे मी बाबांना माझ्या भाषेत सांगितले. होकार अजून मिळालेला नाही. परंतु आईने मध्येच विचारले, "संमेलन कंच्या तारखेला हाय?" आमच्या घरात तारीख विचारली जाणे ही लहान गोष्ट नव्हे. एक वल्हे उचलले गेले आहे. दुसरे माझ्या हाती आहेच.